एक कोड, अनेक यंत्रं

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे तालुके. सह्याद्रीच्या माथ्यावर ढग मोकळे होतात आणि इथवर येईस्तोवर त्यांच्यात फारसं काही उरत नाही. वर्षाकाठी साधारण पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बेभरवशाचा. त्यामुळे या भागात पावसाच्या आकड्याला फार किंमत आहे. कांद्याचं रोप कधी टाकायचं, डाळिंबावर फवारणी आज घ्यायची की दोन दिवस थांबायचं, हे त्या आकड्यावर ठरतं. ‘महावेध’ या राज्याच्या हवामान-नोंद प्रकल्पाच्या मंडळनिहाय स्वयंचलित केंद्रांवरची नोंद तर फळपीक विम्याच्या निकषांपर्यंत जाते.

हा आकडा शेतकऱ्यापर्यंत पोचायच्या आधी बऱ्याच यंत्रांतून फिरतो. शेताच्या कडेला उभ्या असलेल्या पर्जन्यमापकातली चिप, तालुक्याच्या कार्यालयातला विंडोजचा संगणक, पुण्यातला महासंगणक आणि शेवटी हातातला मोबाइल. प्रत्येक ठिकाणी प्रोसेसर वेगळा, ऑपरेटिंग सिस्टीम वेगळी, कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलरही वेगळा. या सगळ्यांसाठी सॉफ्टवेअर तयार करण्याचं काम माणसाच्या आठवणीवर न ठेवता आपोआप कसं होत राहील, याची व्यवस्था लावणं हा या लेखाचा विषय आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: ज्या यंत्रासाठी बिल्ड नेमाने, आपोआप होत नाही, त्या यंत्रावर आमचं सॉफ्टवेअर चालतं असं म्हणण्याचा अधिकार ते बनवणाऱ्याला नाही.

बिल्डमध्ये काय काय होतं

माणसाने लिहिलेला कोड कंपायलर वाचतो आणि त्याच्या यंत्राला कळतील अशा आज्ञा करतो. लिंकर त्या तुकड्यांना बाहेरच्या लायब्ररी जोडतो. शेवटी चालवता येईल अशी फाइल हाती येते. या सगळ्याला मिळून बिल्ड म्हणतात. बिल्डच्या पोटात सहसा टेस्टही येतात, म्हणजे तयार झालेला प्रोग्रॅम ठरावीक माहितीवर चालवून उत्तर बरोबर येतं का ते पाहणं.

विंडोजची फाइल लिनक्सवर चालत नाही, कारण दोघांचा साचाच निराळा. पण फरक एवढ्यावर थांबत नाहीत. सी भाषेतला ‘लाँग’ हा पूर्णांकाचा प्रकार ६४ बिटच्या लिनक्सवर आठ बाइटचा असतो, तर ६४ बिटच्या विंडोजवर चारच बाइटचा. फाइलच्या नावात कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांचा भेद लिनक्स मानतं, विंडोज सहसा मानत नाही. त्यामुळे विंडोजवर बिनतक्रार झालेला बिल्ड लिनक्सवर ‘फाइल सापडत नाही’ म्हणून अडतो.

कंपायलरही एक नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये पहिल्यांदा खुला केलेला जीसीसी आहे, एलएलव्हीएम या कंपायलर-प्रकल्पाच्या घरातला क्लँग आहे, मायक्रोसॉफ्टचा आहे, इंटेलचा आहे. भाषेचं प्रमाण ठरवणारं पत्रक सगळे मानतात, पण त्या पत्रकात काही जागा मुद्दाम मोकळ्या सोडलेल्या आहेत: तिथे काय करायचं ते कंपायलर बनवणाऱ्याने ठरवावं. बहुतेक त्रास याच मोकळ्या जागांतून उद्भवतो. कंपायलरच्या पोटात शिरून शिकायची इच्छा असलेल्यांसाठी आपल्या राज्यात चांगली परंपरा आहे. आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीसीसीवर अभ्यासकेंद्र आणि कार्यशाळा चालवल्या, आणि प्रा. अमिताभ सन्याल व बागेश्री करकरे यांच्यासह त्यांनी लिहिलेलं डेटा फ्लो विश्लेषणावरचं पुस्तक २००९ साली निघालं.

पाबळ: साठ हजार वजा होतात तेव्हा

शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकायचं, हे तिथलं सूत्र. अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने २००२ मध्ये इथे फॅब लॅब उभी राहिली. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. अशा प्रयोगशाळेत शिकणारी मुलगी स्वस्तातला पर्जन्यमापक बनवायला घेते असं समजू. वाटी भरली की कलंडते, प्रत्येक कलंडण्याला ०.२ मिलिमीटर पाऊस धरायचा, आणि दर मिनिटाला बेरीज पाठवायची. यंत्र म्हणून आर्डुइनो उनो.

एका मिनिटाचे मिलिसेकंद किती? ६० गुणिले १०००. ती तसंच लिहिते. तोच हिशेब लॅपटॉपवर चालवून पाहिला तर उत्तर ६०,००० येतं, सगळं ठीक. उनोवर मात्र −५,५३६ येतं. कारण उनोच्या आठ बिटच्या चिपवर साधा पूर्णांक १६ बिटचा असतो आणि त्यात ३२,७६७ च्या वर आकडा मावत नाही. पुढची गंमत अधिक घातक आहे. हा वजा आकडा बोर्डाच्या घड्याळाशी ताडून पाहताना ३२ बिटच्या, चिन्ह नसलेल्या आकड्यात बदलतो आणि ४,२९,४९,६१,७६० होतो. म्हणजे ‘दर मिनिटाला पाठव’ ही आज्ञा ‘सुमारे ४९.७ दिवसांनी पाठव’ अशी होऊन बसते. पर्जन्यमापक उभा आहे, वाटी कलंडते आहे, दिवा लुकलुकतो आहे, आणि नोंद मात्र एकही येत नाही. पावसाळ्याचा निम्मा काळ असाच निघून जाईल.

दुरुस्ती दोन अक्षरांची आहे. आकड्यामागे ‘यूएल’ लिहिलं की तो मोठ्या जागेत साठवला जातो. खरी शिकण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. कंपायलरला ही चूक दिसलेली असते. ‘गणितात आकडा मावत नाही’ अशी वॉर्निंग तो देऊ शकतो, पण आर्डुइनोच्या मूळ सेटिंगमध्ये वॉर्निंग बंद असतात. आपोआप होणाऱ्या बिल्डमध्ये पहिली सोय हीच करायची: सगळ्या वॉर्निंग चालू, आणि एकही वॉर्निंग आली तरी बिल्ड फेल. जोडीला लॅपटॉपसाठी एक बिल्ड आणि चिपसाठी दुसरा, दोन्ही प्रत्येक बदलानंतर. लॅपटॉपवर बसून दुसऱ्याच चिपसाठी फाइल बनवण्याला क्रॉस-कंपाइल करणं म्हणतात, आणि उनोसाठी ते काम एव्हीआर-जीसीसी करतो. चिपची नक्कल करणारे सिम्युलेटर मिळतात, त्यामुळे बोर्ड हाताशी नसला तरी टेस्ट चालवता येते.

फोनमधला पाऊस

वीज पडण्याचा इशारा देणारं ‘दामिनी’ हे ॲप पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं, म्हणजे आयआयटीएमचं. शेतकऱ्यांसाठीचं ‘मेघदूत’ २०१९ मध्ये आलं. दोन्ही अँड्रॉइडवरही आहेत आणि आयफोनवरही. वापरणाऱ्याला नाव एक दिसतं, पण बनवणाऱ्याच्या बाजूने ही दोन वेगळी कामं असतात. आयफोनचं ॲप ॲपलच्या एक्सकोड या साधनाशिवाय तयार होत नाही आणि एक्सकोड फक्त मॅकवर चालतं. म्हणून आयफोनसाठी ॲप देणाऱ्या कोणत्याही चमूला बिल्डच्या रांगेत एक मॅक ठेवावाच लागतो, स्वतःचा किंवा भाड्याचा.

ऑपरेटिंग सिस्टीम बदलल्याने काय होतं, याचं एक चांगलं उदाहरण सी भाषेत आहे. ‘कॅर’ हा एका बाइटचा प्रकार वजा आकडा धरू शकतो की नाही, हे भाषा ठरवत नाही. इंटेलच्या लॅपटॉपवर तो वजा धरतो. एआरएम प्रोसेसरच्या अँड्रॉइड फोनवर धरत नाही. आयफोनमध्येही एआरएमच्याच घराण्यातला प्रोसेसर आहे, पण ॲपलने तिथे वजा धरायचं ठरवलं आहे. आता कोणी ‘आज नोंद आली नाही’ हे दाखवायला −१ वापरलं असेल, तर लॅपटॉपवरच्या नकली फोनमध्ये ते −१ राहील, आयफोनवर −१ राहील, आणि शिरूरच्या बाजारात घेतलेल्या अँड्रॉइड फोनवर २५५ होईल. नोंद नसलेल्या दिवशी २५५ मिलिमीटर पाऊस, म्हणजे वर्षाच्या पावसाचा निम्मा वाटा, एका दिवसात! ज्याने नुसत्या नकली फोनवर तपासलं त्याला हे कधीच दिसणार नाही.

दुसरं उदाहरण खास आपल्या भाषेचं आहे. फोनची भाषा मराठी ठेवली की अँड्रॉइड आकडेही देवनागरीत लिहितो. पडद्यावर ‘१२.५’ दिसलं तर ते हवंच आहे. पण तोच मजकूर सर्व्हरला पाठवला आणि सर्व्हर इंग्रजी अंकांची वाट पाहत असेल, तर नोंद नाकारली जाते. म्हणजे ज्याने आपला फोन मराठीत वापरला त्याचीच माहिती गळते. यंत्राला पाठवायचा आकडा आणि माणसाला दाखवायचा आकडा वेगळा ठेवणं हा उपाय आहे, आणि टेस्टच्या तक्त्यात ‘भाषा मराठी’ ही एक ओळ कायमची घालणं ही त्याची राखण. महाराष्ट्रासाठी बनणाऱ्या ॲपच्या तक्त्यात ही ओळ नसेल तर मला ते काम अर्धवट वाटतं.

बाहेरचे नियमही बदलत राहतात. ऑगस्ट २०१९ पासून गूगलच्या दुकानात ६४ बिटचा बिल्ड सक्तीचा झाला. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या अँड्रॉइडसाठीच्या ॲपना १६ किलोबाइटच्या मेमरी-पानांवर चालणं आवश्यक केलं गेलं. सी किंवा सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला भाग असलेल्या अनेक ॲपना कोडमध्ये ओळही न बदलता फक्त नव्याने बिल्ड करावं लागलं. ज्यांचा बिल्ड आपोआप होत होता त्यांनी एक सेटिंग बदललं. ज्यांचा बिल्ड सोडून गेलेल्या सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर होता, त्यांना तो लॅपटॉप शोधत बसावं लागलं.

प्रत्यूषवरून अर्कवर

आता या साखळीतल्या सगळ्यात मोठ्या यंत्राकडे. पाषाणला आयआयटीएममध्ये जानेवारी २०१८ मध्ये ‘प्रत्यूष’ हा महासंगणक सुरू झाला: क्रे कंपनीचा एक्ससी४०, इंटेलचे झिऑन प्रोसेसर, ४ पेटाफ्लॉप्सची क्षमता. २६ सप्टेंबर २०२४ ला त्याच्या पुढचा ‘अर्क’ राष्ट्राला अर्पण झाला. त्याची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स, आणि प्रोसेसर एएमडीचे. मे २०२५ मध्ये हवामानाचा अंदाज करणारी ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ आली. अशी मॉडेल्स प्रदेशाचे चौकोन पाडून गणित करतात. आधीच्या मॉडेलचा चौकोन साधारण १२ किलोमीटरचा होता, हिचा ६ किलोमीटरचा. शिरूर गाव ते दौंड गाव हे अंतर सरळ रेषेत सुमारे ४५ किलोमीटर. पूर्वी एवढ्या अंतरात चारेक चौकोन पडत, आता सात-आठ पडतात. घोडकाठ आणि भीमाकाठ यांचा अंदाज वेगळा मिळण्याची शक्यता त्यामुळे वाढते.

हवामानाची बहुतेक मॉडेल्स फोर्ट्रान भाषेत आहेत आणि त्यांतला बराच कोड अनेक दशकांचा आहे. असं मॉडेल इंटेलच्या यंत्रावरून एएमडीच्या यंत्रावर नेणं म्हणजे फाइल उचलून ठेवणं नसतं. आधी लायब्ररी. हवामानाच्या नोंदी साठवणारी नेटसीडीएफ, तिच्याखालची एचडीएफ५, हजारो प्रोसेसरमध्ये निरोप फिरवणारी एमपीआय. फोर्ट्रानची मॉड्यूल फाइल ज्या कंपायलरने बनवली तोच ती वाचू शकतो, म्हणून प्रत्येक कंपायलरसाठी लायब्ररींचा हा संपूर्ण डोलारा वेगळा उभारावा लागतो. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत तयार झालेलं स्पॅक हे साधन याच कामासाठी आहे: कोणती लायब्ररी, कोणत्या आवृत्तीची, कोणत्या कंपायलरने, हे एका फाइलीत लिहून ठेवायचं आणि डोलारा त्याला बांधू द्यायचा.

मग कंपायलर स्वतःच बदलतो. मे २०२० मध्ये जीसीसी १० आला आणि त्याच्या फोर्ट्रानने एक जुनी सवलत काढून घेतली. एकाच सबरूटीनला कोडमध्ये एका ठिकाणी एका प्रकारचं मूल्य आणि दुसरीकडे भलत्याच प्रकारचं मूल्य दिलं, तर आधी वॉर्निंग यायची, आता एरर येऊ लागला. वर्षानुवर्षं बिनबोभाट बिल्ड होणारी किती तरी शास्त्रीय सॉफ्टवेअर एका रात्रीत अडली. सवलत परत मागणारा एक पर्याय कंपायलरमध्ये आहे आणि बऱ्याच जणांनी तो लावून काम पुढे नेलं. पण कंपायलर बरोबर होता. कोडच सैल होता. इंटेलने आपला जुना फोर्ट्रान कंपायलर २०२५ च्या संचातून काढून टाकला आणि एलएलव्हीएमवर आधारलेला नवा पुढे केला, तेव्हाही हाच प्रश्न नव्याने उभा राहिला.

बिल्ड झाला, चालला, तरी काम संपत नाही. ०.१, ०.२ आणि ०.३ यांची बेरीज करा. संगणकात आधी पहिल्या दोघांची बेरीज करून तिसरा मिळवला तर उत्तर ०.६००००००००००००००१ येतं. आधी शेवटच्या दोघांची बेरीज केली तर ०.६. कागदावर कंसाची जागा बदलून फरक पडत नाही, यंत्रात पडतो. वेग वाढवण्यासाठी कंपायलर बेरजांचा क्रम बदलू शकतो. इंटेलचा कंपायलर मूळ सेटिंगमध्येच ही मोकळीक घेतो, जीसीसी सांगितल्याशिवाय घेत नाही. त्यामुळे तोच कोड, तीच सुरुवातीची माहिती, आणि उत्तराचा शेवटचा अंक वेगळा.

एवढ्याशा फरकाने हवामानात काय होतं, ते हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झ यांनी १९६१ मध्ये पाहिलं. मधूनच गणित पुन्हा सुरू करताना त्यांनी ०.५०६१२७ ऐवजी छापील कागदावरचा ०.५०६ टाकला, आणि काही काळातच नवं हवामान जुन्यापासून पूर्ण वेगळं झालं. मग नव्या महासंगणकावरचं उत्तर जुन्याशी जुळलं नाही तर त्याचा अर्थ काय लावायचा? तो फरक निसर्गाच्या या स्वभावामुळे आहे की कुठे तरी चूक शिरली आहे?

अमेरिकेच्या एनसीएआर या वातावरण-संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २०१५ मध्ये यावर एक नेटकी रीत मांडली. भरवशाच्या यंत्रावर मॉडेल १५१ वेळा चालवायचं, प्रत्येक वेळी सुरुवातीच्या तापमानात दशांश चिन्हानंतर चौदाव्या स्थानाइतका किंचित बदल करून. त्यातून योग्य उत्तरांचा पसारा केवढा असतो ते कळतं. नव्या यंत्रावरची किंवा नव्या कंपायलरची उत्तरं त्या पसाऱ्यात बसली तर ठीक, बाहेर गेली तर शोध घ्यायचा. मला ही रीत फार मोलाची वाटते, कारण ‘थोडा फरक असणारच’ या वाक्याआड खरी चूक लपू शकते, आणि त्या वाक्याची मर्यादा इथे आकड्यांत बांधली आहे.

याच्या अलीकडे एक अधिक कडक तपासणी रोज करता येते. कंपायलर तोच, यंत्र तेच, फक्त प्रोसेसरची संख्या बदलायची, आणि उत्तर शेवटच्या बिटपर्यंत तेच यावं असा आग्रह धरायचा. त्यासाठी कंपायलरला बेरजेचे क्रम बदलू न देणारी सेटिंग लावावी लागतात आणि वेग थोडा कमी होतो. पण उत्तर बदललं तर कोडमध्ये कुठे तरी एक प्रोसेसर दुसऱ्याची वाट न पाहता पुढे जातो आहे, अशी शंका त्याच दिवशी घेता येते.

तक्ता आखणं

किती जोड्या तपासायच्या? लिनक्स, विंडोज, मॅक या तीन सिस्टीम. जीसीसी, क्लँग आणि मायक्रोसॉफ्ट हे तीन कंपायलर. चुका शोधण्यासाठीचा डीबग आणि वापरासाठीचा रिलीज असे दोन प्रकार. इंटेल आणि एआरएम असे दोन प्रोसेसर. कागदावर ३६ जोड्या होतात. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर लिनक्स आणि मॅकवर नाही, म्हणून आठ गळतात, उरतात २८. एका बिल्डला वीस मिनिटं धरली आणि एकामागून एक केले तर नऊ तास वीस मिनिटं. प्रत्येक छोट्या बदलानंतर एवढं थांबायला कोणालाच परवडत नाही, आणि जो तक्ता परवडत नाही तो पंधरा दिवसांत बंद पडतो.

मग मोजक्या जोड्या निवडायच्या कशा? राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाचं एखादं वाण, ‘भीमा शक्ती’ किंवा ‘भीमा किरण’सारखं, प्रसारित होण्याआधी देशातल्या वेगवेगळ्या केंद्रांवर लावून पाहतात. केंद्रं निवडताना एकसारख्या जमिनीची दहा घेत नाहीत. माती, हवा, हंगाम यांत एकमेकांपासून दूर असलेली घेतात. बिल्डच्या जोड्याही तशाच निवडाव्यात.

माझ्या मते तीन थर पुरतात. प्रत्येक बदलानंतर तीनच जोड्या: लोक सर्वांत जास्त वापरतात ती, तिच्यापासून सर्वांत वेगळी असलेली, आणि सगळ्या वॉर्निंग चालू असलेली सर्वांत कडक. रात्री सगळा तक्ता. आठवड्यातून एकदा दोन टोकं: शेतात अजून वापरात असलेली जुन्यात जुनी सिस्टीम, आणि अजून जाहीर न झालेला, चाचणीसाठी खुला केलेला नवा कंपायलर. या दुसऱ्या टोकाला लोक अनावश्यक समजतात. पण जीसीसी १० ची चाचणी आवृत्ती ज्यांच्या तक्त्यात होती, त्यांना येऊ घातलेली अडचण आधीच दिसली होती.

जुन्या टोकाबद्दलही आग्रहाने सांगतो. तालुक्याच्या गावी दूध संकलन केंद्रात, पतसंस्थेत, कृषी सेवा केंद्रात जुनी विंडोज आणि ३२ बिटचे संगणक अजून दिसतात. ते यंत्र चालतं आहे, त्याच्यावर रोजचा व्यवहार होतो. आधार काढून घ्यायचा असेल तर तो जाहीरपणे, तारीख सांगून काढावा. तक्त्यातून ती ओळ गुपचूप गळणं हा वापरणाऱ्यावर अन्याय आहे.

कोरं यंत्र

‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ हे वाक्य प्रत्येक कार्यालयात ऐकू येतं. त्या मशीनवर वर्षभरात काय काय टाकलं गेलं हे कोणालाच आठवत नसतं, आणि बिल्ड नकळत त्यातल्या एखाद्या गोष्टीवर टेकलेला असतो. म्हणून प्रत्येक बिल्ड कोऱ्या यंत्रावर व्हावा. लिनक्ससाठी कंटेनर हे सोयीचं साधन आहे: लागणाऱ्या गोष्टींची यादी एका फाइलीत, त्यावरून काही मिनिटांत कोरं लिनक्स तयार, काम झालं की टाकून द्यायचं. कंटेनर मूळ यंत्राचं कर्नल वापरतो, त्यामुळे लिनक्सच्या कंटेनरमध्ये विंडोज किंवा मॅकचा बिल्ड तपासता येत नाही. त्यांना आपापलं यंत्र किंवा व्हर्च्युअल मशीन लागतं.

यादीत आवृत्ती नेमकी लिहावी. ‘लेटेस्ट’ एवढंच लिहिलं की एखाद्या सोमवारी आपण काहीच न बदलता बिल्ड फेल होतो आणि सकाळ कारण शोधण्यात जाते. नवी आवृत्ती घ्यायची ती ठरवून, वेगळा बदल म्हणून. आणि आपल्याकडे एक खास खबरदारी: एक बिल्ड मुद्दाम अशा फोल्डरमध्ये करावा ज्याचं नाव मराठीत आहे आणि ज्यात मोकळी जागाही आहे. खऱ्या वापरात अशी नावं असतातच.

लाल खूण कोणाची

साधनं भरपूर आहेत. सीमेक २००० च्या सुमारास किटवेअर कंपनीत तयार झालं, तेच मुळी एका वैद्यकीय प्रतिमा-प्रकल्पाचा कोड अनेक सिस्टीमवर बिल्ड करण्यासाठी. कोणत्या यंत्रावर काय झालं याचा रात्रीचा फलक त्या मंडळींनी सुरुवातीपासून ठेवला. जगभरच्या यंत्रांचे निकाल एका पानावर, पास ते हिरवे, फेल ते लाल. जेनकिन्स, गिटलॅब, गिटहब यांनी पुढे ही सोय घरोघरी पोचवली. साधन कोणतं घ्यावं यावर लोक फार वाद घालतात. माझ्या अनुभवात त्याने फारसा फरक पडत नाही.

फरक पडतो तो लाल खुणेकडे कोण पाहतं याने. फलकावर आठवडाभर एक लाल खूण राहिली की लोकांना तिची सवय होते, मग दुसरी आलेली कळत नाही. म्हणून दर आठवड्याला एका व्यक्तीची पाळी लावावी. सकाळी ती फलक पाहील, कोणत्या बदलाने बिल्ड फेल झाला ते शोधेल, आणि दुपारपर्यंत दुरुस्ती झाली नाही तर तो बदल मागे घेईल. मागे घेणं म्हणजे लिहिणाऱ्याचा अपमान नव्हे, हे चमूतल्या ज्येष्ठाने स्वतःचा बदल मागे घेऊन दाखवून द्यावं. जी टेस्ट कधी पास होते, कधी फेल, तिला वेगळी काढून तिच्यावर दुरुस्तीची तारीख टाकावी; ‘पुन्हा चालवून बघ’ ही सवय सगळ्या तक्त्याची पत घालवते.

तालुक्याच्या गावी बसून

शिरूर किंवा दौंडला दोन-तीन जणांचा चमू हे सगळं करू शकतो का? करू शकतो. खुल्या कोडच्या प्रकल्पांना गिटहबवर लिनक्स, विंडोज आणि मॅक तिन्हींची यंत्रं बिल्डसाठी फुकट मिळतात. कोड खाजगी असेल तर कार्यालयातला जुना संगणक रनर म्हणून, म्हणजे बिल्ड चालवणारं यंत्र म्हणून, जोडता येतो. रनर स्वतःहून बाहेरच्या सर्व्हरला ‘काही काम आहे का’ असं विचारत राहतो, त्यामुळे कायमचा आयपी पत्ता नसलेल्या साध्या ब्रॉडबँडवरही तो चालतो. लाइट गेली की त्या रात्रीचा बिल्ड अर्धवट राहतो, म्हणून यूपीएस घ्यावा आणि अर्धवट राहिलेला बिल्ड ‘फेल’ म्हणून नव्हे तर ‘झाला नाही’ म्हणून नोंदवावा. न बदललेल्या फाइली पुन्हा कंपाइल न करणारं सीकॅश लावलं तर जुन्या यंत्रावरही वेळ बराच वाचतो. लायब्ररी दर वेळी इंटरनेटवरून उतरवण्यापेक्षा त्यांची एक प्रत स्थानिक डिस्कवर ठेवली की नेट मंद असलं तरी काम अडत नाही.

सुरुवात एका जोडीपासून करावी, पण ती पूर्ण: कोऱ्या यंत्रावर बिल्ड, टेस्ट, निकालाचा निरोप. ती महिनाभर नीट चालली की दुसरी सिस्टीम, मग दुसरा कंपायलर. जवळच्या खेड्यातून एक-दोन जुने अँड्रॉइड फोन मिळवून ते रनरला तारेने जोडून ठेवावेत, भाषा मराठी करून. तयार झालेल्या प्रत्येक फाइलीबरोबर कोडची आवृत्ती, कंपायलरचा क्रमांक, त्याला दिलेली सेटिंग आणि संपूर्ण लॉग जपावा. दोन वर्षांनी कोणी विम्याच्या वादात विचारलं, की त्या दिवशी तुमच्या यंत्राने पाऊस किती मोजला आणि कोणत्या प्रोग्रॅमने मोजला, तर तोच प्रोग्रॅम त्याच कंपायलरने पुन्हा बनवून उत्तर देता आलं पाहिजे.